क्रमांक अकराचे ठिपके

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. प्रोग्राम लिहिणारी माणसं दुसऱ्या कुणी लिहिलेला कोड वाचताना नेमकं कुठे बघतात, ते मी बघते. ते कोडकडे बघतात, मी त्यांच्या डोळ्यांकडे. "आणि तुझ्याकडे कोण बघतं?" असं आमच्या दादाने पहिल्यांदा ऐकल्यावर विचारलं होतं, आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की त्याला ठसका लागला.

प्रयोगाची खोली लहान आहे, तिला खिडकी नाही. उजेड कमी-जास्त झाला की डोळ्याची बाहुली लहान-मोठी होते आणि आमचं मोजमाप बिघडतं, म्हणून दिवे कायम एकसारखे. एक टेबल, एक स्क्रीन, स्क्रीनखाली हातभर लांबीची काळी पट्टी. त्या पट्टीतून एक न दिसणारा प्रकाश डोळ्यांवर पडतो आणि बुबुळ कुठे वळलं ते कॅमेरा टिपतो. बसणाऱ्याने हनुवटी टेकवून आधी नऊ ठिपक्यांकडे एकेक करून बघायचं, म्हणजे यंत्राला त्याच्या डोळ्यांची ओळख पटते. मग समोर कोड येतो, चाळीसेक ओळींचा, आणि त्यात आम्ही मुद्दाम पेरलेली एक चूक असते. ती शोधायची. तो शोधत असतो तेव्हा मी मागच्या टेबलावर त्याची नजर बघत असते. नजर थांबली तिथे लाल ठिपका. जास्त वेळ थांबली तर मोठा ठिपका.

पण खरं काम माणूस निघून गेल्यावर सुरू होतं. बसणारा जरा सरकला किंवा चष्म्याची काच चमकली की यंत्र गडबडतं आणि ठिपके अर्धा सेंटिमीटर खाली-वर पडतात. कोडच्या ओळी दाट असतात, तिथे अर्धा सेंटिमीटर म्हणजे दुसरीच ओळ. म्हणून प्रत्येक ठिपका माउसने उचलायचा आणि तो जिथे असायला हवा होता त्या ओळीवर नेऊन ठेवायचा. आमच्याकडे याला 'साफ करणं' म्हणतात. आमच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतात, "ओळ चुकतं ते यंत्र, वाचणारा चुकत नाही." मी हे अकरा वर्षांपूर्वी ऐकलं आणि डोक्यात पक्कं बसवून घेतलं. इथे माझ्याइतकं स्वच्छ कुणीच साफ करत नाही. एकेका फाइलवर मी दोन-दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बसते. याचा मला फार तोरा होता.

दीड वर्षाचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. तेवीस प्रोग्रामर, दर महिन्याला एकदा येणार, तेच ते बसून वाचणार. पहिल्या बैठकीनंतरच एक जण गळाला. दर महिन्याला येऊन फुकट हनुवटी टेकवून बसायला कोण तयार होणार? मी दादाला धरून आणलं.

"सख्खा भाऊ?" मॅडमनी विचारलं.

"कागदावर नंबरच असतो ना, मॅडम."

त्यांनी मान हलवली आणि दादा क्रमांक अकरा झाला.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. सव्वीस वर्षं प्रोग्राम लिहितोय, आणि त्यातली शेवटची दहा तर फक्त वाचतोय. त्याची कंपनी कुरिअरवाल्यांसाठी प्रोग्राम बनवते, आणि तिथे कुणीही काहीही लिहिलं तरी दादाने वाचून मान डोलावल्याशिवाय ते बाहेर जात नसे. दूध नासलंय हे वहिनीला वासावरून कळतं, तसं त्याला कोड बिघडलाय हे नुसतं वरून नजर फिरवून कळायचं. वाचणं सोडून त्याला दुसरं काही येतही नव्हतं. घरातला बल्ब वहिनीच बदलते.

पहिले तीन-चार महिने तो यायचा, खुर्चीत बसायचा आणि दोन मिनिटांत चूक शोधून म्हणायचा, "ठमे, यापेक्षा अवघड काही नाही का तुमच्याकडे?" ठमी म्हणजे मी. वय वर्षं त्रेचाळीस, केस पिकायला लागलेत, पण ठमीच.

पाचव्या महिन्यापासून त्याचे ठिपके जरा वेडेवाकडे पडायला लागले. ओळ वाचून संपली की नजर खालच्या ओळीवर उतरायला हवी. त्याची कधी त्याच ओळीवर परत यायची, कधी मधली ओळ ओलांडून तिसऱ्याच ओळीवर जायची. त्याने नुकताच नवा चष्मा घेतला होता, लांबचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर एकाच काचेत असलेला. असले चष्मे म्हणजे आमच्याकडची डोकेदुखी. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'चष्मा', आणि बसून एकेक ठिपका त्याच्या ओळीवर सरकवला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, जरा जास्त. पुन्हा 'चष्मा'. काही उड्या इतक्या लांब होत्या की चष्म्याच्या माथी मारता येईनात. पण नवखा माणूस कोड वरून खाली वाचतो आणि मुरलेला माणूस इकडून तिकडे उड्या मारतो, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा त्या उड्या मी त्याच्या अनुभवाच्या खात्यात टाकल्या. म्हणजे काहीही झालं तरी दादा हुशारच ठरत होता, आणि बहीण म्हणून मला ते बरंच वाटत होतं.

घरी तो धडपडायला लागला होता. जिन्याची शेवटची पायरी चुकायची. फरशीवर ठेवलेली बादली त्याने एका महिन्यात दोनदा लाथाडली. चहाचा कप टेबलावर ठेवताना अर्धा कडेबाहेर ठेवला आणि वहिनीच्या साडीवर सांडला.

"खाली बघून चाल की जरा," वहिनी म्हणायची.

"बघतोच आहे."

"साहेब आहेत ते," मी म्हणायचे, "त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत." आणि आम्ही तिघेही हसायचो. मला आता ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग ऑफिसात ते पार्सलचं प्रकरण झालं. एका नव्या पोराने लिहिलेल्या कोडमध्ये पत्ता तपासणारी एक ओळ चुकलेली होती. दादाने वाचला, मान डोलावली, कोड बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका शिंप्याच्या दुकानासमोर चारशे पार्सलं येऊन पडली. बिचाऱ्याला दुकानाचं दारही उघडता येईना. पहिल्यांदा सगळे हसले. दीड महिन्याने तसंच काहीतरी पुन्हा झालं तेव्हा कुणी हसलं नाही. साहेबांनी दादाला बोलावून गोड शब्दांत सांगितलं की आता जरा तरुणांना वाचू द्या, तुम्ही मार्गदर्शन करा. त्याला मीटिंगांत बसवायला लागले. तिथे त्याच्यापुढे वाचायला काही नसायचं.

दहाव्या महिन्याच्या बैठकीनंतर तो खुर्चीतून उठला नाही. चूक सापडायला त्याला अकरा मिनिटं लागली होती.

"ठमे, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"बाबांचं कसं सुरू झालं होतं, आठवतं तुला?"

आठवत होतं. आमचे बाबा शेवटची सहा वर्षं आम्हाला ओळखत नव्हते. सुरुवात अशीच झाली होती. वर्तमानपत्र वाचताना एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा यायचे आणि चिडायचे.

"मी वाचतो," दादा म्हणाला, "आणि मधलं काहीतरी निसटतं. वाचलं असं वाटतं, पण वाचलेलं नसतं. डोळे ठीक आहेत गं, चष्मेवाल्याकडे दोनदा जाऊन आलो, भिंतीवरची सगळी अक्षरं शेवटच्या रांगेपर्यंत धडाधड वाचली. म्हणजे डोकंच. तुझ्या यंत्रात काय दिसतं? माझं डोकं शाबूत आहे की नाही?"

 माझा दादा, ज्याने मला गणित शिकवलं, तो माझ्याकडे एखाद्या पेशंटसारखा बघत होता. मला त्याला धीर द्यायचा होता, दुसरं काही सुचत नव्हतं. मी माझ्या टेबलावर मागच्या महिन्याची फाइल उघडली. साफ केलेली. ओळीमागून ओळ, ठिपक्यामागून ठिपका, शाळेतल्या मुलांच्या रांगेसारखं सगळं शिस्तीत.

"हे बघ," मी म्हणाले. "ही तुझी नजर. कुठे काही निसटलंय? मॅडम हे चित्र व्याख्यानात दाखवतात, मुरलेला माणूस कसा वाचतो ते सांगायला. सगळ्यांना दाखवायचा नमुना आहेस तू."

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने फोन काढून त्या स्क्रीनचा फोटो घेतला आणि वहिनीला पाठवला. खाली लिहिलं, 'डोकं शाबूत. बहिणीचं सर्टिफिकेट.' वहिनीने महत्प्रयासाने एका मोठ्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळवली होती, पुढच्याच आठवड्यातली. ती त्याने रद्द केली.

त्यानंतर आठ महिने गेले. अभ्यास संपला. दादा ऑफिसच्या जिन्यावरून, चार पायऱ्या वरून, सरळ खाली आला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या पुढ्यात कागद धरला, सही करा म्हणाले, आणि दादा विचारत राहिला, कुठला कागद? हा डोळ्यांचा प्रकार आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी लगेच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

तिथे एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं असतं. आत बारीक दिवे चमकतात, दिसला की बटण दाबायचं. मी आणि वहिनी मागे उभ्या होतो. दिवे चमकत होते आणि दादा बटण दाबत नव्हता. आम्हाला दिसत होते. वहिनीने माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ उठला.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. दोन गोल, दोन्हींचा खालचा भाग काळा.

"काचबिंदू," त्या म्हणाल्या. "डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू सुकते. दुखत नाही, लाल होत नाही, काही नाही. मधली नजर चांगली राहते, म्हणून भिंतीवरची अक्षरं वाचता येतात. यांचं खालचं दिसणं गेलंय."

"पण मला काळं काही दिसत नाही," दादा म्हणाला. "सगळं तर दिसतंय."

"तसंच वाटतं. जिथलं दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूचं भरून टाकतो. माणसाला कळतच नाही काही कमी आहे म्हणून."

"म्हणजे डोकं ठीक आहे?"

"डोकं उत्तम आहे."

तेवढ्या बातमीत दादाने एवढा मोठा श्वास सोडला, की मला वाटलं तो उरलेलं ऐकणारच नाही. उरलेलं वहिनीने विचारलं. परत येईल का? नाही. गेलेलं येत नाही. उरलेलं टिकवायला रोज थेंब घालायचे, दाब बघत राहायचं, पण ते किती टिकेल ते सांगता येत नाही, कारण फार पुढे गेलंय.

"आधी आलो असतो तर?" वहिनीने विचारलं.

"आठ-दहा महिने आधी आला असतात तर बरंचसं वाचलं असतं."

बाहेर बाकावर बसलो तेव्हा वहिनी माझ्याकडे वळली. "अगं, तुझं ते यंत्र. महिन्याच्या महिन्याला त्याचे डोळेच तर बघत होतीस. त्यात काही दिसलं नाही?"

"नाही," मी म्हणाले. "काही नाही दिसलं."

साफ करण्याआधीच्या मूळ फाइली आम्ही टाकून देत नाही, त्या एका कपाटात डिस्कवर पडून असतात. दुसऱ्या दिवशी मी त्या काढल्या आणि सतराच्या सतरा एकापुढे एक लावल्या. पहिल्या चार ठीक. पाचवीत सुरुवात. दहावीत तर न शिकलेल्या माणसालाही दिसलं असतं: ओळ संपते, नजर खाली उतरायला जाते आणि खाली तिला काही सापडत नाही. ती तशीच चाचपडत परत वर येते, किंवा खोल कुठेतरी जाऊन आपटते. माझा दादा तेरा महिने माझ्यासमोर बसून चाचपडत होता. आणि मी दर वेळी मागे बसून, त्याचा हात धरून रस्ता ओलांडून दिल्यासारखी, त्याची नजर उचलून पुढच्या ओळीवर ठेवत होते. त्याला जे दिसलं नाही, ते त्याने पाहिलं असं मी लिहीत होते. इतकं सफाईने, की यंत्रालाही ते पटलं.

मी मॅडमकडे गेले. त्यांनी दोन फाइली पाहिल्या आणि तिसरी उघडलीच नाही.

"आपण डॉक्टर नाही," त्या म्हणाल्या. "फॉर्मवर तसं लिहिलंय, त्यांनी सही केलीय."

"हो."

"पहिल्या वर्षाचा शोधनिबंध छापून आलाय."

"हो, मॅडम."

मग त्या कपाटाकडे बघत राहिल्या, जिथे उरलेल्या बावीस जणांच्या फाइली होत्या. "ओळ वाचणारा चुकत नाही, हे मीच शिकवलं तुम्हाला," त्या शेवटी म्हणाल्या. मला वाटलं त्या रागावतील, काढून टाकतील, निदान ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "चहा घेता का?" मला त्यांचा इतका राग आला, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

चार दिवस मी दादाकडे गेले नाही. पाचव्या दिवशी दुपारी मूळ फाइल लॅपटॉपवर घेऊन गेले. तो खिडकीपाशी बसला होता, हात गळ्यात. ऑफिसातून पत्र आलं होतं: पूर्ण विश्रांती घ्या. परत कधी या, ते लिहिलं नव्हतं.

मी समोर स्टूल ओढलं आणि सांगून टाकलं. मध्ये थांबले असते तर जमलं नसतं. "दादा, मी तुला दाखवलेलं चित्र खोटं होतं. तुझ्या ओळी निसटत होत्या. यंत्राने बरोबर टिपलं होतं, मी ते पुसलं. मला वाटलं चष्मा आहे. तू मला विचारलंस तेव्हा तरी मी मूळ फाइल उघडायला हवी होती. ती उघडली असती तर तू डॉक्टरकडे गेला असतास, तुझे डोळे वाचले असते. माझ्यामुळे गेले ते."

तो ऐकत होता. 

"दाखव," तो म्हणाला. "खरं काय ते दाखव."

मी फाइल लावली. कोड स्क्रीनवर आला आणि लाल ठिपका चालायला लागला. चालू फाइलीत नजर त्या क्षणी जिथे असते तेवढाच एक ठिपका दिसतो, मागचे पुसले जातात. ठिपका पहिल्या ओळीच्या टोकाला गेला, खाली तीन ओळी कोसळला, तिथे धडपडला, परत वर आला आणि पुन्हा पहिलीच ओळ वाचायला लागला.

"हं," दादा म्हणाला. "मग?"

"बघितलंस ना?"

"बघितलं. ओळ वाचली, परत सुरुवातीला आला. चूक कुठे आहे?"

"खाली गेला ना तो. मधे."

"कुठे खाली?"

मी मागे घेऊन परत लावलं. मग वेग निम्मा केला. ठिपका टोकाला गेला की दादाची नजर तिथेच अडायची, क्षणभर वाट बघायची, आणि ठिपका परत वर उगवला की सुटल्यासारखी त्याच्यामागे चालू लागायची. तो मन लावून बघत होता. त्याला सगळं दिसत होतं, फक्त तो ठिपका जिथे पडत होता तेवढंच दिसत नव्हतं. आणि तिथे काही आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

"अगं वेडे," तो म्हणाला, आणि हसला. किती महिन्यांनी हसला. "सरळ तर वाचतोय मी. उगाच जिवाला लावून घेतेस. डोळे जायचे होते ते गेले, त्यात तुझा काय दोष? उलट तूच तर सांगत होतीस की डोकं शाबूत आहे म्हणून." त्याने चांगल्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारायचा प्रयत्न केला, ती खांद्यावर बसली.

"दादा, नाही रे. ऐक ना."

"तूच ऐक. रडायचं नाही."

वहिनी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली घेऊन त्याच्या मागे उभी होती. कधी आली होती कोण जाणे. तिचे डोळे स्क्रीनवर होते. ठिपका ओळीच्या टोकाला गेला, खाली कोसळला, आणि त्याच्याबरोबर तिची नजरही खाली गेली, धडपडली, वर आली. तिने ते पुन्हा एकदा पाहिलं, मग कोपऱ्यातली तारीख पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"सरळ आहे की नाही गं?" दादाने मान न वळवताच विचारलं. "सांग हिला. माझं ऐकत नाहीये."

 मला वाटलं आता वहिनी बोलेल, आणि बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो," ती म्हणाली. "सरळच आहे."

तिने बाटली टेबलावर ठेवली आणि ती आत निघून गेली. स्वयंपाकघराचं दार तिने लावून घेतलं.

दादा खुर्चीत सावरून बसला. स्क्रीन त्याने जरा स्वतःकडे ओढली.

"परत लाव, ठमे," तो म्हणाला. "बरं वाटतं बघायला."

मी परत लावलं.